प्रिंट बघायच्या परवानगीचा माझा अनुभव

बँकेतनं रिटायर झाल्यावर इथं कोल्हापुरातल्याच एका संग्रहालयात स्वयंसेवक गाईड म्हणून नाव दिलं (कुठलं ते सांगत नाही, अजून तिथंच जायचंय). फॉर्म, मुलाखत सगळं आठवड्यात उरकलं. ट्रेनिंगचा विषय होता प्रिंटमेकिंग, म्हणजे ठशावरनं कागदावर चित्र छापायची कला. लाकूड किंवा लिनो (कोरायला मऊ असा जाड पत्रा) कोरला की जो भाग वर राहतो त्याला शाई लागते, एचिंगचं बरोबर उलटं, ॲसिडनं पत्रा खाल्लेल्या रेघेत शाई बसते आणि वरचा भाग पुसून घेतात. लिथो म्हणजे दगडावरचं काम, तेल आणि पाण्याचं पटत नाही एवढ्यावर सगळा खेळ. वर्गात बसून सगळं कळल्यासारखं वाटलं.

पण शिकवणारे सर म्हणाले, काचेतनं बघून काय कळणार नाही, चित्र फ्रेमबाहेर काढून बाजूनं उजेड टाकून बघायला पायजे. त्याला लागते परवानगी. झालं, इथं गाडी अडली ती अडलीच.

अर्ज दिला, "संग्रहातील प्रिंट पाहण्यास परवानगी मिळावी". आवक-जावकच्या भाऊसाहेबांनी शिक्का मारला, आठ दिवसांनी चौकशीला गेले तर अर्ज कॉम्प्युटर विभागात! प्रिंट लिहिलंय ना. तिथला पोरगा बिचारा विचारतोय, "काकू, पेन ड्राइव्ह आणलाय का, किती कॉप्या काढायच्या?" परत खाली. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, जरा मराठीत लिवा की, सरकारी काम हाय." मी पण पेटले, शुद्ध मराठीत "मुद्राचित्रे" लिहून दिलं. मग पंधरा दिवस पत्ताच नाही. साहेब मिटिंगला, साहेब रजेवर, साहेब आत्ताच जेवायला गेले. दर वेळी दोन जिने चढायचे, माझे गुडघे काय सरकारी नाहीत. शेवटी कळलं की अर्ज नाण्यांच्या विभागात पडलाय, मुद्रा म्हणजे नाणी समजून! एवढी वर्षं बँकेत काढून मुद्रा लोन सुद्धा मला आधी आठवू नये, माझीच चूक म्हणा.

तिसऱ्या अर्जात चित्राचं नाव, प्रकार काही लिहिलं नाही, रजिस्टरमधले नुसते नोंद नंबर टाकले. दहा मिनिटांत सही! तुम्ही कुणी असा अर्ज करणार असाल तर नंबरच टाका, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बघायला मिळालं तेव्हा मात्र राग निम्मा उतरला. सरांनी टॉर्च आडवा धरला आणि एचिंगच्या भोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब उठून दिसला, ओला कागद रोलरखाली दाबल्याचा, रेघेची शाई कागदावर चक्क किंचित फुगलेली. काचेमागं यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खाली पेन्सिलनं ७/२५, म्हणजे पंचवीसातली सातवी प्रत. लोक हमखास विचारतात मग ओरिजिनल कुठाय, तर सगळ्याच ओरिजिनल हो. तिथं पेन नेऊ नका, पेन्सिलच चालते, माझं पेन दारातच काढून घेतलं.

नंतर सरांनी ॲक्रिलिकच्या तुकड्यावर सुईनं ओरखडून आम्हाला एकेक प्रिंट काढायला लावलं. मी ऐटीत "रंकाळा" सरळ लिहिलं, छापल्यावर उलटं आलं. शाई पण जास्तच पुसली गेली, तलाव पार आटलेला.

हां, भिंग राहिलंच. स्वतःचं न्या, तिथलं एक भिंग दहाजणांत फिरतं. गुजरीत सोनार वापरतात तसलं दहापटीचं मिळतं. मी आणल्या दिवशी आधी देव्हाऱ्यावरची लक्ष्मीची जुनी लिथो तसबीर बघितली, १८९४ ला मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसचं नाव आहे तिच्याखाली. कॅलेंडरवर ठिपके कसे ओळीत असतात, हिच्यावर बारके, वेडेवाकडे, हातानं टाकल्यासारखे. मी स्टुलावर चढून बघतेय आणि मागनं सासूबाई, "देवीचं सोनं तपासतीस व्हय गं?"