उजव्या स्पीकरची खरखर आणि 'टेस्टिंगमध्ये ओके'

आधी महत्त्वाचं सांगते, हे मला कुणी वेळेत सांगितलं असतं तर सात आठवडे वाचले असते. स्पीकरचा आवाज फाटत असेल तर दुकानात नेण्याआधी पुढची जाळी काढा आणि आत बघा. बस. आमचा स्पीकर सर्व्हिस सेंटरमध्ये दोन वेळा जाऊन आला तरी त्याची जाळी कुणी काढली नव्हती, याचा राग अजून गेलेला नाही.

बाबांचे बुकशेल्फ स्पीकर आहेत, १८ वर्षं जुने, ठाण्याच्या घरी हॉलमध्ये. बाबा रोज सकाळी फोनवरून त्यांच्यावर तानपुरा लावून रियाज करतात आणि गणपतीच्या आसपास त्यांनी सांगितलं की खर्जाची तार वाजली की उजवीकडून काहीतरी घासल्यासारखं येतं. मला आधी पटेना, मग तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं तर डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला खर्रर्र. तेही अगदी हळू आवाजात. हे नीट लक्षात ठेवा, फक्त मोठ्या आवाजातच फाटत असेल तर बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरवर जोर पडतोय, किंवा बास बूस्ट चालू राहिलाय, पण हळू लावल्यावरही खरखर असेल तर वायर किंवा स्पीकरवर संशय घ्या. डाव्या-उजव्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे अदलाबदल करून बघितल्या, खरखर त्याच डब्यात राहिली. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि फोन सुटले. वायरही बदलून बघितली. मल्टीमीटरने स्पीकरची दोन टोकं मोजली, ६.४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण एवढंच येतं, म्हणजे कॉईल (स्पीकर हलवणारं तारेचं वेटोळं) जळालेली नव्हती. इथपर्यंत एक संध्याकाळ.

मग सर्व्हिस सेंटर.

पहिल्या वेळी जॉब कार्डवर लिहिलं 'आवाज खराब'. मी म्हटलं खर्जात, हळू आवाजात, उजवा, असं लिहा, तर म्हणाले मॅडम टेक्निशियनला कळतं. बारा दिवसांनी फोन, टेस्टिंगमध्ये ओके आहे, घेऊन जा, तपासणीचे ३५० रुपये. घरी आणून लावला, दहा मिनिटांत बाबा म्हणाले तेच आहे. परत नेला, परत ३५०, परत ओके, मधे दिवाळीची सुट्टी, आणि काउंटरवरचा मुलगा मला समजावतो की जुन्या माणसांना कान वाजल्यासारखं होतं. बाबांनी ४० वर्षं तानपुरे जुळवलेत हो! त्या दिवशी मी घरी येऊन काही बोललेच नाही.

तिसऱ्या वेळी मी ठरवलं, स्पीकर सोडून जायचं नाही, समोर वाजवून घ्यायचा. फोनमध्ये टोन जनरेटरचं, म्हणजे हवा तो एकच सूर वाजवणारं, फुकट अ‍ॅप घेतलं. बाबांचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), त्याचा खर्ज म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. घरी तेवढा टोन लावला की खरखर हमखास यायची. तिथे मी लावला आणि काहीच नाही! एकदम स्वच्छ घूं. मी गार पडले, तो मुलगा बघतोय, मागे रांग. आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांनी स्पीकर टेबलावर पाठीवर आडवा ठेवलाय, तोंड छताकडे. घरी तो उभा असतो. म्हटलं उभा करा. नको म्हणे, पडेल. मी स्वतः धरून उभा केला आणि खर्रर्र, अख्ख्या काउंटरला ऐकू गेलं. मागचे काका म्हणाले, हे तर मलाही येतंय ऐकू. तेव्हा कुठे आतला टेक्निशियन बाहेर आला, जाळी काढली, आणि वूफरच्या (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल स्पीकर) कडेची फोमची रिंग खालच्या बाजूला कोनपासून, म्हणजे मधल्या हलणाऱ्या पडद्यापासून, सुटलेली, बोट लावलं की भुगा. कोन खाली ओघळला होता, म्हणून आतली कॉईल चुंबकाच्या खाचेत एका बाजूला घासत होती, आणि आडवा ठेवला की कोन मधोमध बसून घासणं थांबत होतं. प्रत्येक वेळी आडवाच तपासला होता त्यांनी. एवढं दिसल्यावर उत्तर काय, तर पार्ट बंद झालाय, नवा सेट घ्या. ७०० रुपये परत मागितले, नाही दिले.

पुढचं एका शनिवारात झालं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेले. (अख्खा स्पीकर लोकलमधून नेऊ नका, चार स्क्रू काढले की वूफर सुटतो, कुठल्या टोकाला कुठली वायर होती त्याचा फोटो काढा, आणि दोन्ही वूफर न्या, एकाचा फोम गेला की दुसऱ्याचाही जायला आलेला असतो.) तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी कोनवर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून हळूच सरळ आत दाबला, कान लावला, म्हणाले घासतेय, पण कॉईल चांगली आहे. फोम दमट हवेत १५-२० वर्षांत कुजतोच, रबराची रिंग जास्त टिकते, पण ती जड आणि ताठ असते त्यामुळे आवाज थोडा बदलतो, म्हणून आम्ही फोमच घेतला. कोनच्या मधली टोपी कापून कॉईलभोवती पातळ पट्ट्या सरकवल्या म्हणजे ती बरोबर मध्ये बसते, मग नवी रिंग चिकटवली. गोंद वाळायला पूर्ण एक दिवस द्या, आधी वाजवलं तर परत तिरकं बसतं. दोन्हीचे मिळून १,१०० रुपये.

घरी लावल्यावर खरखर गेली पण डग्गा एकदम पोकळ! माझा जीव खाली-वर. निघालं काय तर एका वूफरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल दोन टोकांना क्षणभर टेकवून बघा, सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा, दोन्ही स्पीकरना सारखा. उलट्या वायरी सरळ केल्या आणि खर्ज भरून आला. बाबांनी त्या दिवशी दीड तास तानपुरा बंद केला नाही.

आणि हो, रिंग ऑनलाइन मागवणार असाल तर वूफर 'साडेसहा इंची' एवढं सांगून भागत नाही, बाहेरचा व्यास आणि कोनला जिथे चिकटते तिथला आतला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजून कळवा.