शहामृगावरची जागा

रविवार, रात्री अकरा

आज लेकीला घेऊन ग्लेन एकोला गेले. मेरीलँडमध्ये येऊन चार वर्षं झाली, पोटोमॅक नदीच्या काठचं हे पार्क घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. तिथल्या कॅरोसेलवर, म्हणजे लाकडी जनावरांच्या गोल फिरत्या पाळण्यावर, ती कितीदा तरी बसली आहे. डेन्टझेल कंपनीने १९२१ साली बनवलेला, घोडे, ससे, शहामृग, एक सिंह, एक वाघ, सगळे लाकडात कोरलेले. आज तिने शहामृग पकडला. मी शेजारी उभी राहून त्याच्या पिसांवरून बोट फिरवलं तर एकेक रेघ बोटाला लागली. चक्र सुरू व्हायला अवकाश होता. "आई, का फिरत नाहीये?" तिने दोनदा विचारलं.

तिचा प्रश्न ऐकला आणि मला ती पाच मुलं आठवली.

३० जून १९६०. हॉवर्ड या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे विद्यार्थी आणि त्यांचे साथी इथे आले. तेव्हा पार्क फक्त गोऱ्यांसाठी होतं. फाटकाशी रखवालदाराने लॉरेन्स हेन्री या विद्यार्थ्याला त्याचा वंश विचारला, तर तो म्हणाला, मी मानववंशाचा. हे बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं आहे. मला त्यातला त्याचा शांतपणा विलक्षण वाटतो. आवाज चढलेला नाही, की विनवणीचा सूर नाही.

मग काही जण आत शिरले आणि पाच जण याच कॅरोसेलवर जाऊन बसले. तिकिटं त्यांच्याकडे होती, दुसऱ्यांनी काढून दिलेली. रखवालदार म्हणाला, इथून निघा. ते बसून राहिले. तिकीट हातात आहे, लाकडी जनावरावर मांड ठोकलेली आहे आणि चक्र जागचं हलत नाही. पुढची अटक, खटला, घुसखोरीचा गुन्हा आणि दंड यांपेक्षा मला ती थांबलेली मिनिटंच जास्त छळतात. बघे चारी बाजूंनी बघत असतील. त्या पाचांतली ग्वेंडोलिन ग्रीन पुढे मेरीलँडच्या सिनेटवर निवडून गेली.

त्या उन्हाळ्यात फाटकाबाहेर रोज निदर्शनं झाली. जवळच्या बॅनॉकबर्न वसाहतीतली गोरी कुटुंबं मुलाबाळांसह विद्यार्थ्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. विरोधात अमेरिकन नाझी पक्षाची माणसंही आली होती. मार्च १९६१ मध्ये मालकांनी पार्क सगळ्यांना खुलं केलं. त्या पाचांची शिक्षा मात्र सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती थेट जून १९६४ मध्ये. रखवालदार खाजगी नोकर असला तरी त्याच्याकडे डेप्युटी शेरीफचा, म्हणजे सरकारी पोलीस अधिकाऱ्याचा बिल्ला होता. म्हणजे हा भेदभाव सरकारी अधिकार वापरून चालवला गेला, हे न्यायालयाने धरलं.

१९६८ नंतर मनोरंजन पार्क बंद पडलं. पोहण्याच्या क्रिस्टल पूलचं आता फक्त प्रवेशद्वार उरलंय. कॅरोसेल विकला जाणार होता, तो आसपासच्या लोकांनी १९७० मध्ये ८० हजार डॉलर वर्गणी काढून राखला. म्हणून माझी लेक आज त्यावर बसली.

कॅरोसेलचा वुर्लिट्झर कंपनीचा यांत्रिक बाजा वाजू लागला, चक्र हललं आणि तिने शहामृगाच्या मानेला मिठी मारली. उतरल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग त्यांना नंतर फिरायला मिळालं का?" मी पार्क खुलं झाल्याचं सांगितलं. ते पाच पुन्हा आले का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रात्री बाबांना फोन केला, तिकडे सकाळ होती. त्यांना हे सगळं सांगत होते. ते बराच वेळ नुसते हं, हं करत होते. मग म्हणाले, "आपल्या गावच्या जत्रेत लाकडी घोड्यांचा पाळणा यायचा, आठवतो? ओढ्यापलीकडची पोरं पैसे मुठीत धरून उभी असायची. पाळणेवाला त्यांना जा म्हणायचा नाही. जागा नाही म्हणायचा. मी घोड्यावर बसलेलो असायचो, आणि पुढचा घोडा रिकामा."