पहाटे दहा, दुपारी तीस: गिअरबॉक्सच्या कूलरचा हिवाळा

माझा धंदा जनरेटर भाड्याने द्यायचा. लग्नाची लॉन, सभा, आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन आलं की मंडप, स्टेज, मोर्चे. ट्रॉलीवर बसवलेला जनरेटर ओढायला माझ्याकडे ऑटोमॅटिक गिअरची डिझेल पिकअप आहे. ही गोष्ट तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरची. मॅन्युअल गिअरवाल्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल.

मे महिन्यात मध्य प्रदेशातल्या सिवनीची ऑर्डर होती. मनसर, देवलापार, खवासापर्यंत गाडी मजेत गेली. पुढे कुरईचा घाट लागला आणि मोबाइलवर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान ११८ दिसायला लागलं. हे ऑइल साधारण ८० ते ९५ डिग्रीत खूश असतं. ११५-१२० च्या वर वारंवार गेलं की काळपट होतं, जळका वास मारतं आणि आतल्या क्लच प्लेटा खायला लागतं. म्हणून नागपुरातल्या घाट रोडच्या एका मिस्त्रीकडून एसीच्या कंडेन्सरपुढे (गाडीच्या तोंडाशी असलेल्या एसीच्या जाळीपुढे) वेगळा ऑइल कूलर बसवून घेतला. पुढच्याच फेरीत त्याच घाटात, तेवढ्याच वजनावर, आकडा १०० च्या आत राहिला. उन्हाळ्याचा प्रश्न मिटला.

डिसेंबरात उलटंच सुरू झालं. रात्री वर्धा रोडच्या लॉनवर जनरेटर उतरवायचा आणि रिकामी गाडी घेऊन पहाटे परत यायचं. बाहेर दहा डिग्री, हायवेचा वारा थेट कूलरवर, वजन काहीच नाही. इंजिनाचं पाणी ८८ वर पोचलेलं, आणि गिअरबॉक्सचं ऑइल मात्र ४८-५० च्या वर सरकेना. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, गाडी जड चालून राहिली." खरंच होतं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे ऑइलमार्फत, गिअरबॉक्सला जाते; लॉकअप लागला की दोन्ही थेट जोडले जातात. ऑइल पुरेसं गरम झाल्याशिवाय हा लॉकअप माझ्या गाडीचा कॉम्प्युटर लावतच नाही. त्यामुळे ८० च्या स्पीडला इंजिन दोनेकशे आरपीएम जास्त फिरत होतं आणि डिझेल त्या हिशोबाने जळत होतं. शिवाय गिअर बदलताना बारीकसा धक्का. ४० डिग्रीला हे ऑइल १०० डिग्रीच्या मानाने पाचेकपट जाड असतं, आणि त्यात शिरलेला दमटपणा उडून जायलाही उष्णता लागते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. बर्फाच्या देशातले व्हिडिओ पाहून आपण घाबरायचं कारण नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता, पण असल्या थंडीत हे ऑइल गोठतबिठत नाही. ते उणे चाळीसच्या आसपासही वाहतं. आपलं नुकसान होतं ते डिझेलचं आणि हळूहळू होणाऱ्या झिजेचं.

मिस्त्रीला आकडे दाखवले. तो हसला. "भाऊ, दिवाळी झाली की घरचा कूलर झाकून ठेवतो ना आपण? तसंच याले पण बंद करून टाकू." म्हणजे कूलरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकायच्या. पण जानेवारीतल्या दुपारी इथे २८-३० डिग्री असतात, आणि ट्रॉली जोडून सिवनीला जायची ऑर्डर जानेवारीतही येते. ड्रायव्हरने तोवर आपला उपाय करून टाकला होता: संत्रा बर्फीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कूलरपुढे खोचला. पहाटे आकडा ६५ पर्यंत आला, हे मान्य. पण तोच पुठ्ठा कंडेन्सरचीही हवा अडवतो, आणि दुपारी आठवणीने काढणार कोण? पहाट आणि दुपार यांत वीस डिग्रीचा फरक असलेल्या गावात पुठ्ठा हा कामचलाऊच.

नळ्यांचा क्रम बदलायचा हाही एक पर्याय होता. माझ्या गाडीत ऑइल आधी रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून जातं, मग बाहेरच्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सला. हे उलटं केलं, म्हणजे आधी बाहेरचा कूलर आणि शेवटी रेडिएटर, तर थंडीत इंजिनाचं गरम पाणीच ऑइलला ऊब देतं. रेडिएटर फक्त थंड करतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ऑइल पाण्यापेक्षा थंड असलं तर तो ते गरमच करणार. ज्यांची गाडी बाराही महिने रिकामी किंवा हलक्या वजनावर चालते त्यांच्यासाठी हा फुकटातला चांगला इलाज आहे. मला मात्र मे महिन्यातला घाट दिसत होता. तिथे पाणीच ९५ च्या पुढे असतं, आणि थंड करून आणलेलं ऑइल ते पुन्हा तापवणार.

शेवटी थर्मोस्टॅटवाला बायपास व्हॉल्व्ह घेतला. मुठीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, चार तोंडं, आत मेणाचा थर्मोस्टॅट, अगदी इंजिनात असतो त्याच तत्त्वाचा. ऑइल ८२ च्या खाली असलं की ते कूलरकडे न जाता जवळच्या रस्त्याने परत फिरतं. त्याच्या वर गेलं की मेण फुगतं आणि कूलरची वाट उघडते. एवढंच करायचं की तो रेडिएटर आणि बाहेरचा कूलर यांच्या मध्ये बसवायचा, म्हणजे रेडिएटरची ऊब मिळतच राहते. ठोकळ्यावरचे बाण बघून नळ्या लावायच्या आणि पाइप ऑइलचाच घ्यायचा, पेट्रोलचा नाही. लग्नाच्या एका रात्रीच्या भाड्यात सामान आलं.

खरा वेळ गेला ऑइलच्या लेव्हलमध्ये. माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाही. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवून आणायचे, मग खालचा चेक बोल्ट उघडायचा. ऑइल बारीक धारेने येत येत थेंबावर आलं की लेव्हल बरोबर. पण हे ऑइल ठराविक तापमानाला असतानाच बघायचं. माझ्या मॅन्युअलमध्ये ३५ ते ४५ दिलंय. गाडीगणिक हा आकडा वेगळा, तेव्हा आपापलं मॅन्युअल बघा. आता गोम अशी की ४० डिग्रीला व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणजे नव्याने जोडलेला कूलर आतून रिकामाच राहू शकतो. तशीच लेव्हल बघून बोल्ट आवळला तर पुढे व्हॉल्व्ह उघडल्यावर ऑइल कूलरमध्ये जातं आणि गिअरबॉक्समध्ये कमी पडतं. मिस्त्री "होते भाऊ, काही नाही होत" म्हणत होता. मी अडून बसलो. आधी ट्रॉली जोडून कामठी रोडला चक्कर मारली, आकडा ८५ च्या वर नेला, कूलरची नळी हाताला गरम लागली याची खात्री केली. मग बोनेट उघडून गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी इंजिन चालू करून ऑइल ४० ला पोचताच बोल्ट उघडला. जवळपास पाव लिटर घालावं लागलं. हे काम हिवाळ्यातच करून घ्या. मे महिन्यात नागपुरात नुसती उन्हात उभी गाडीच ४५ च्या वर असते, ३५ ते ४५ ची वेळ सापडायची कधी?

आता पहाटेच्या रिकाम्या फेरीत ऑइल ७८ ते ८२ वर येऊन थांबतं आणि बुटीबोरीच्या आधीच लॉकअप लागतो. गाडी उभी ठेवून गरम करत बसायचं नाही, हे ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. पार्किंगमध्ये गिअरबॉक्सला कामच नसतं, तो फार हळू तापतो. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवलं की पुरे. दुपारी वजन घेऊन कुरई चढताना आकडा ९६ पर्यंत गेला आणि उतारावर परत आला, म्हणजे वाट उघडतेय. पहिल्या थंड रात्रीनंतर व्हॉल्व्हच्या एका जोडापाशी लाल ओल दिसली. रबर एकदा तापून गार झालं की क्लँप पुन्हा कसावे लागतात. अर्धा फेरा आवळला, नंतर कोरडं आहे.