राजगड १:१०,००० : कंटूरचे बिंदू कमी करताना

राजगडाचं पुठ्ठ्याचं मॉडेल करतोय: प्रत्येक कंटूर, म्हणजे नकाशावरची समान उंचीची रेषा, लेझरने कापायची आणि थर एकावर एक चिकटवायचे. कापून आणलेले पहिले तीन थर बाद करावे लागले. कडांवर जागोजागी काळे ठिपके, आणि चौकटीच्या कडेला पुठ्ठा पार करपलेला. लेझर चालवणारे दादा म्हणाले, "रेषेत बिंदू फार आहेत तुमच्या. दर अर्ध्या मिलिमीटरला डोकं थबकतंय." घरी येऊन ऑटोकॅडमध्ये (रेखाटनाचं सॉफ्टवेअर) एका कंटूरला लिस्ट कमांड दिली, ती रेषेतले बिंदू दाखवते. एकाच पॉलीलाइनमध्ये (बिंदू जोडत जाणाऱ्या रेषेत) २,९४६ बिंदू निघाले.

याचं मूळ माझ्याच तयारीत होतं. उंचीचा डेटा एसआरटीएमचा आहे, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून रडारने घेतलेला, साधारण ३० मीटरला एक नोंद. त्यातून काढलेले कंटूर फार कोनाकोनाचे दिसले, म्हणून मी तो आधी दर ५ मीटरला एक नोंद पडेल असा मऊ करून घेतला होता. १:१०,००० ला ५ मीटर म्हणजे अर्धा मिलिमीटर. दादांनी बरोबर ओळखलं. (हे प्रमाण निवडलं ते पुठ्ठ्यासाठी: २० मीटरचा कंटूर बरोब्बर २ मिलिमीटर होतो, आणि २ मिमीचा पुठ्ठा सहज मिळतो.)

मग क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) परत गेलो आणि बिंदू कमी करणारं सिम्प्लिफाय चालवलं. पहिल्याच फटक्यात सगळे कंटूर गायब. लेयर अजून अक्षांश-रेखांशात होता, त्यामुळे टॉलरन्समध्ये (रेष किती सरकली तर चालेल तो आकडा) टाकलेले ३ म्हणजे तीन अंश, तीनशे किलोमीटरच्या वर. लेयर आधी यूटीएम ४३ उत्तरमध्ये (मीटरमध्ये मोजणारी पद्धत) आणा, मगच मीटरचा आकडा टाका.

सिम्प्लिफाय ज्या रीतीने बिंदू काढतं ती डग्लस-प्यूकरची रीत १९७३ ची आहे आणि आजही तीच चालते. रेषेच्या दोन टोकांमध्ये सरळ दोरी ताणायची, दोरीपासून सगळ्यात लांबचा बिंदू शोधायचा. तो टॉलरन्सच्या आत असेल तर मधले सगळे बिंदू काढायचे. नसेल तर तो ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच. टॉलरन्स मी आधी पडद्यावर बघून १५ मीटर धरला होता, दिसायला सुरेख होतं. पण तो लेझर जेवढी जागा जाळतो त्या चिरेवरून ठरवायला हवा होता. चीर साधारण ०.२ मिमीची. म्हणून ३ मीटर घेतला, पुठ्ठ्यावर ०.३ मिमी. २,९४६ चे ४१२ बिंदू उरले आणि कापलेला थर हातात धरला तर फरक बोटाला लागत नाही.

१५ मीटरने काय बिघडलं ते बाविसाव्या थरावर कळलं. संजीवनी माचीचा कणा तिथे डेटात जेमतेम २५ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंच्या रेषा प्रत्येकी १५ मीटरपर्यंत आत सरकू शकतात, आणि त्या एकमेकींना ओलांडून गेल्या. माची गडापासून तुटली! ही रीत रेष स्वतःलाच छेदतेय का, हे बघतच नाही. ३ मीटरने छेद गेला, पण सगळ्यात वाईट धरलं तर कणा १.९ मिमीवर येतो, आणि २ मिमीच्या पुठ्ठ्यात तो चिकटवतानाच मोडेल. तिथला एकही बिंदू मला घालवायचा नव्हता.

उपाय एका त्रासातूनच सापडला. बंद कंटूर जिथे सुरू होतो तो बिंदू ही रीत कधीच काढत नाही, त्यामुळे गुळगुळीत उतारावर उगाच एक टोचरा कोपरा राहतो. टोकं हलत नाहीत, तर हवी तिथे टोकं का करू नयेत? स्प्लिट फीचर्सने कण्याच्या दोन्ही बाजूंना रेषा तोडल्या, कण्याचे तुकडे वगळून बाकीचेच निवडले आणि फक्त निवडलेल्यांवर सिम्प्लिफाय चालवलं. त्याची डीएक्सएफ फाइल ऑटोकॅडमध्ये आणून ०.१ ने स्केल केली (१ मीटरचे ०.१ मिमी) आणि पॉलीलाइन बदलायच्या पीएडिट कमांडच्या जॉइनने सगळे तुकडे जोडले. फझ डिस्टन्स (टोकांमधलं किती अंतर चालेल ते) शून्य ठेवूनही जुळले, कारण टोकं तसूभरही हलली नव्हती. सुवेळा माचीलाही हेच केलं.

पीएडिटमधला फिट वापरायचा मोह आवरा. तो बिंदूंमध्ये कंस भरतो, रेष गोंडस दिसते, पण कड्यापाशी फुगवटा खालच्या थराच्या बाहेर येतो. स्प्लाइन त्याउलट सोंडेचं टोकच खाऊन टाकतो. दोन्ही करून पाहिले आणि डीकर्व्हने सरळ रेषांवर परत आलो. पायथ्याच्या पसरट थरांना मात्र विश्वलिंगम रीत लावली. ती सगळ्यात लहान त्रिकोण करणारा बिंदू आधी काढते, त्यामुळे ओहोळांची वळणं शांत राहतात. कड्यांना ती नको, तिथे धार बोथट होते.

शेवटी ओव्हरकिल, म्हणजे एकावर एक बसलेल्या रेषा काढणारी कमांड. चौकटीच्या कडेवर रेषा एकावर एक दोनदा बसल्या होत्या. तो करपलेला पुठ्ठा त्यांचाच.

काल बाविसावा थर कापून आला. ठिपके नाहीत, कणा शाबूत. सुवेळेचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, मात्र या डेटात येणारच नाही, कारण त्यात एका जागेला एकच उंची असते. तो थर चिकटवून झाला की ते सुईने पाडणार आहे.