तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतलं नवंजुनं

पोरगा टेक्सासला आहे, त्यामुळे आमच्या पानठेल्यावर मी आपोआप अमेरिकेचा वकील झालोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते लष्करी विमान अमृतसरला उतरलं, अमेरिकेनं परत धाडलेले १०४ जण, हातापायात बेड्या, बहुतेक पंजाब, हरयाणा, गुजरातकडले, तेव्हापासून तर रोजचंच झालं. "काका, तिथं बिनाकागदाच्या लोकायले माफी द्याले पायजे का नाई? तुमचा पोरगा लायनीत उभा हाय अन् हे भिताडावरून उड्या मारून गेले, त्याइले कायची माफी?" लग्नात विचारतात, तेरवीत विचारतात, परवा तर बँकेत केवायसीच्या लाइनीत एकानं विचारलं. तोंडी सांगायला बसलो की कोणीतरी चहा सांगतो अन् विषय सोयाबीनच्या भावावर जातो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मला कायद्यातलं फार कळत नाही, पण मी आयुष्यभर यवतमाळ जिल्ह्यात सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो, त्यामुळे माफी म्हणजे काय हे मी पेपरात नाही, रजिस्टरात पाहिलंय. शेतकऱ्यांची कर्जमाफी २००८ ची पाहिली, २०१७ ची पाहिली, २०१९ ची तर निवृत्तीच्या तोंडावर आली, याद्या लिहिता लिहिता बोटं सुजली. अन् खरं सांगतो, अमेरिकेतले लोक या विषयावर जे भांडतात ना, ते सगळं भांडण मी आमच्या सोसायटीच्या ओट्यावर आधीच ऐकलेलं आहे.

२०१७ ची गोष्ट. एक म्हातारा, नाव नाही सांगत, दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरणारा. त्या वर्षी भाव पडलेले, तुरीचे तर विचारू नका, तरी यानं बैलजोडी विकून कर्ज भरलं अन् काही महिन्यांनी दीड लाखापर्यंत माफी जाहीर झाली. थकबाकीदाराचं दीड लाख साफ, अन् नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून फार तर २५ हजार. म्हातारा आला, पासबुक माझ्या टेबलावर ठेवलं अन् म्हणाला, "सचिवसाहेब, मी भरलं हा माह्या गुन्हा झाला का?" मला आजही त्याचं उत्तर येत नाही.

मागच्या वर्षी हेच वाक्य मी फोनवर ऐकलं, फक्त शुद्ध मराठीत. पोरगा म्हणाला, "बाबा, आम्ही नियम पाळले हा आमचा गुन्हा आहे का?" तो २०११ पासून तिथं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्याच्या, लाइनीत. तिथं नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्क्यांच्या वर जागा नाहीत, देश भारत असो नाहीतर भूतान, मग आपल्या लोकांची लाइन किती लांब असेल ते तुम्हीच पाहा. तो लाइनीत उभा राहून म्हातारा होईल अन् टीव्हीवर बिनाकागदाच्यांना माफीची चर्चा ऐकेल, तर चिडेल नाही तर काय. आमचं बापलेकाचं यावर दोनदा वाजलंय, त्याची बायको फोन काढून घेते मग.

तरी माझं मत हेच आहे की माफी द्यावी, म्हणजे राहायचे कागद द्यावे. दया म्हणून नाही, दयेचा काही संबंधच नाही. जे कर्ज वसूल होणारच नाही ते पुस्तकात वर्षानुवर्षं पुढं ओढत नेण्यात सोसायटीचाही फायदा नाही अन् शेतकऱ्याचाही नाही. तिथं असे लोक कोटीच्या वर आहेत, बरेचसे दहा दहा, वीस वीस वर्षांपासून, पोरं तिथंच जन्मली म्हणजे पोरं नागरिक अन् मायबाप बिनाकागदाचे. इतक्या लोकांना कोणतं विमान आणणार?

"लाइनीत या ना मग" म्हणणं सोपं आहे, पण कोणत्या लाइनीत? शेतमजूर, गवंडी, हॉटेलात भांडी घासणारा, याला कायमचं राहायला जे नोकरीवरचं ग्रीन कार्ड असतं त्याची कायद्यातली मर्यादा सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला १० हजार. हंगामापुरता व्हिसा मिळतो, काम झालं की घरी. बँकेचं दार बंद असलं की माणूस सावकाराकडे जातो हे मी विदर्भातल्या माणसाला काय सांगू. डंकीचा, म्हणजे चोरवाटेनं माणसं नेणारा, एजंट म्हणजे तिकडचा सावकारच आहे, फक्त व्याज जिवानं भरावं लागतं.

आता विरोधातला खरा मुद्दा, तो खोटा नाही. एकदा माफी दिली की लोक पुढच्या माफीची वाट पाहतात. पाहतात ना, मी पाहिलंय, २००८ नंतर आमची वसुली जी बसली ती उठलीच नाही. अन् अमेरिकेनंही पाहिलंय. १९८६ मध्ये रेगन अध्यक्ष असताना, म्हणजे रिपब्लिकन माणूस बरं, कायदा झाला की १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून जे सलग राहत आहेत त्यांना कागद द्या. शेतमजुरांसाठी वेगळी सवलत, ९० दिवस शेतात काम केल्याचा पुरावा आणा. त्यात बोगस अर्ज किती आले ते विचारू नका, एका पत्रावर माणूस मजूर झाला, आपल्याकडं नाही का तहसीलमध्ये पाहिजे तो दाखला मिळत. एकूण सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. अन् वीसेक वर्षांत बिनाकागदाचे पुन्हा कोटीच्या घरात.

म्हणून लोक म्हणतात पाहा, माफी फसली. मी म्हणतो अर्धवट केली म्हणून फसली. त्याच कायद्यात होतं की बिनाकागदाचा माणूस जाणूनबुजून कामावर ठेवला तर मालकाला दंड. पण मालकानं फक्त कागद पाहायचा, तो खरा की खोटा हे तपासायची सक्ती नाही, मग खोट्या कागदांचा धंदा जोरात. काम होतं, मजूर पाहिजेच होता, अन् खरं दार काही मोठं केलं नाही. आपल्याकडंही कर्ज माफ केलं पण कापसाचा भाव अन् पाणी होतं तिथंच, मग माणूस पुन्हा थकणार नाही तर काय. दोष माफीचा का त्यानंतर काहीच न करण्याचा?

मालकाचं निघालं म्हणून सांगतो. अमेरिकेत पिकात काम करणारे दर दहा मजुरांतले चारेक बिनाकागदाचे आहेत. आमच्याकडं वेचाईला मध्य प्रदेशातून बाया येतात, ट्रॅक्टर पाठवून आणतो आपण त्यांना. उद्या कोणी म्हटलं की सीमेवर कागद दाखवा तर कापूस झाडावरच लोंबत राहील अन् सगळ्यात आधी बोंब मारणारे आपणच असू. अन् तेच लोक पानठेल्यावर येऊन म्हणतात घुसखोर हाकला. असो.

हा, "मंग आपल्याकडल्या बांगलादेशींचं काय" हेही विचारता तुम्ही, आवाज थोडा वाढवून. बाबांनो, आपणही तारखेचीच माफी केलीय. १९८५ चा आसाम करार, रेगनच्या एक वर्ष आधीचा, १९६६ च्या आधी आलेले नागरिक, १९६६ ते २४ मार्च १९७१ मधले दहा वर्षं मतदानाविना, त्यानंतरचे बाहेर. तारीख टाकल्याशिवाय माफी होत नाही अन् तारीख टाकली की तारखेच्या पलीकडचा एक तरी माणूस रडतो. अमेरिकेच्या १९८६ च्या माफीत एकाच घरात नवरा बसला, बायको नाही बसली, अशी कितीतरी घरं होती. २०१९ च्या आपल्या योजनेत ३० सप्टेंबरला थकीत रक्कम दोन लाखापर्यंत असली तर सगळं माफ, अन् दोन लाखावर शंभर रुपये असले तर एक पैसा नाही.

पण मला सगळ्यात वाईट वाटतं ते माफी न देता मधेच लटकवून ठेवण्याचं. आपल्याकडं त्याला नाव आहे, नवंजुनं. ३१ मार्चला सावकाराकडून एक दिवसासाठी पैसे आणायचे, जुनं भरलं दाखवायचं, लगेच नवं उचललं दाखवायचं, आकडा तोच, वर्ष नवीन. ओबामांनी २०१२ मध्ये लहानपणी आणलेल्या पोरांसाठी जी डाका योजना काढली ती हुबेहूब नवंजुनं आहे. दर दोन वर्षांनी अर्ज, फी भरा, कामाचा परवाना घ्या, नागरिकत्वाकडं रस्ता नाही, अन् कोर्टात केस चालूच. त्यातली थोरली पोरं आता चाळिशीपार गेली, अजून नवंजुनंच करताहेत. २०१३ मध्ये सिनेटनं बिनाकागदाच्यांना कागद द्यायचं मोठं बिल ६८ विरुद्ध ३२ नं पास केलं होतं, १३ वर्षांचा लांब रस्ता, दंड भरा, टॅक्स भरा, लाइनीतल्यांच्या मागं उभे राहा, अन् जुनी लाइन मोकळी करायचीही सोय होती. मला ते पटलं होतं. दुसऱ्या सभागृहानं ते मतदानालाच घेतलं नाही.

म्हणजे थकबाकीदाराचा हिशेब अन् नियमित फेडणाऱ्याचा हिशेब एकाच दिवशी, एकाच कागदावर. आपल्याकडं तसं झालं नाही, २०१९ च्या योजनेतले नियमितवाल्याचे ५० हजार खात्यात पडायला २०२२ उजाडलं. तोवर आमचा बैलजोडीवाला म्हातारा गेला.

पोराशी भांडून काही होत नाही, पण नात ऐकते माझं. ती चार वर्षांची असताना बापाच्या व्हिसावर गेली, आता कॉलेजात आहे. २१ ची झाली की बापाच्या अर्जातून बाहेर. मग विद्यार्थी व्हिसा काढ नाहीतर दुसरं काही शोध, नाहीतर आर्णीला ये आजोबाकडं, जिथं तिला धड पावसाळाही आठवत नाही. डाकात तिच्यासारख्यांना जागा नाही, कारण त्यात बसायला त्या दिवशी बिनाकागदाचं असावं लागत होतं. कागद होते हीच अशा पोरांची अडचण.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, "आजोबा, ते दोन लाख शंभरवाले होते ना, त्यांचं पुढं काय झालं?" मी म्हटलं, एकानं दुसऱ्या दिवशी येऊन वरचे शंभर भरले.

"मग बसले ते?"

नाही, म्हटलं, तारीख गेली होती.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ओके, अन् कापूस वेचायला कधी सुरू होतो ते विचारलं.