कॉम्पॅक्ट की पूर्ण आकाराचं? कोलोरॅडोत पिस्तूल निवडतानाचा माझा अनुभव

दुकानात दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली की नजर नळीच्या लांबीवर जाते. कमरेला लावल्यावर मात्र शर्टाखालून डोकावते ती मूठ. नळी पँटच्या आत सरळ खाली जाते, तिला दडायला जागा असते. मूठ पट्ट्याच्या वर उरते आणि जरा वाकलं की कापड तिच्यावर ताणलं जातं. ग्लॉक १७ आणि ग्लॉक १९ घ्या. नळी ११४ आणि १०२ मिमी, मुठीत बसणाऱ्या मॅगझिनसकट, म्हणजे गोळ्यांच्या पेटीसकट, उंची १३९ आणि १२८ मिमी. लपवण्याच्या दृष्टीने यातला उंचीचा ११ मिमी फरक खरा. नळीतला १२ मिमी फरक बहुतेकांना जाणवतही नाही.

पण आकाराच्या आधी कागदपत्रं, कारण अमेरिकेत राहणारे आपल्यातले पुष्कळ जण तिथेच अडतात. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसांवर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही ‘बाळगणं’च ठरतं, हे मित्राबरोबर हौस म्हणून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ग्रीन कार्डवर ही आडकाठी नाही. दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म, भरताना कार्डावरचा ए-नंबर लागतो आणि ओळखपत्रावर सध्याचा पत्ता लागतो. घर बदललं असेल तर नवा पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे, सोबत न्यावा. त्याच फॉर्मवर गांजाबद्दल प्रश्न आहे आणि राज्याने मुभा दिली असली तरी फेडरल कायद्यात ती धरली जात नाही, असं तिथेच स्पष्ट छापलेलं असतं. खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा. राज्याच्या तपास खात्याची पडताळणी होते आणि ऑक्टोबर २०२३ पासून किमान ३ दिवस थांबावं लागतं, म्हणजे दुकानात दोन फेऱ्या धरूनच चाला.

लपवून बाळगण्याचा परवाना काउंटीचा शेरीफ देतो. वय २१ पूर्ण हवं. १ जुलै २०२५ पासून पहिल्या परवान्यासाठी समोरासमोरचं किमान ८ तासांचं प्रशिक्षण आहे. शेवटी लेखी परीक्षेत ८० टक्के आणि ५० गोळ्यांच्या प्रत्यक्ष चाचणीत ७० टक्के लागतात. बोटांचे ठसे घेतात. इथल्या कोरड्या हिवाळ्यात कातडी फुटलेली असली तर ठसे नीट उठत नाहीत, तेव्हा आधीचे काही दिवस हातांना मलम लावत राहावं. शेरीफकडे निर्णयासाठी ९० दिवस असतात, परवाना ५ वर्षांचा. चाचणी मोठ्या पिस्तुलावर सोपी जाते हे खरं, पण जे रोज कमरेला असणार त्यावरच ती द्यावी असं माझं मत आहे.

आता निवड. पूर्ण आकाराच्या बाजूने पहिला मुद्दा मांडला जातो तो जास्त गोळ्यांचा: १७ विरुद्ध १५. कोलोरॅडोत तो निकालात निघतो. १ जुलै २०१३ नंतर घेतलेल्या मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त गोळ्यांची क्षमता चालत नाही, म्हणजे इथे विकलं जाणारं ग्लॉक १७ सुद्धा कमी क्षमतेच्या मॅगझिनवरच येतं. लांब मुठीचं ओझं वागवायचं आणि त्या लांबीत गोळ्या मात्र वाढत नाहीत. १७ चं मॅगझिन १९ मध्ये बसतं, उलट बसत नाही, हा एरवीचा मोठा फायदाही इथे अर्धाच उरतो.

वेगाचा फरक किरकोळ आहे. ९ मिमीमध्ये नळी इंचभर कमी झाली की गोळीचा वेग साधारण २५ ते ५० फूट प्रति सेकंद घटतो आणि इथे तर अर्ध्या इंचाचीच गोष्ट. ३ इंचांच्या आसपास आलात, उदाहरणार्थ सिग पी३६५, की मग पोकळ टोकाची गोळी त्या वेगाला लक्ष्यात शिरल्यावर नीट उमलते का हे तपासायला हवं. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइट्समधलं अंतर मोठ्या पिस्तुलावर सेंटीमीटरभर जास्त असतं आणि २५ यार्डांवर ते कळतं, ७ यार्डांवर नाही.

रेंजवर तुलना करताना पूर्ण, कॉम्पॅक्ट आणि त्याहून लहान अशा तिन्ही आकारांत एकच गोळी वापरली, ११५ ग्रेन वजनाची साधी. प्रत्येकावर ५० राउंड, ७ यार्ड. लक्ष पहिल्या ५ गोळ्यांवर ठेवायचं, कारण नंतर हात सरावतो आणि सगळीच पिस्तुलं चांगली वाटू लागतात. लहान मुठीवर करंगळी खाली लोंबकळते, पकड निसटते आणि प्रत्येक धक्क्यानंतर हात पुन्हा जुळवावा लागतो. पिस्तूल हलकं असल्यामुळे झटकाही तडाख्यासारखा लागतो. महाराष्ट्रात परवान्यावरच्या .३२ रिव्हॉल्व्हरवर हात बसलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. तिकडे ९ मिमी सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, त्यामुळे हा झटका ओळखीचा नसतो. मनगट सैल राहिलं की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नाही’. दहातल्या आठ वेळा अंगठा स्लाइडच्या खटक्यावर दाबलेला असतो. पिस्तूल बदलण्याआधी अंगठा बदलून बघा.

माझी निवड ग्लॉक १९ च्या मुठीची ठरली. ज्यांना नळी लांबच हवी त्यांच्यासाठी ग्लॉक ४९ आहे, १९ च्या मुठीवर १७ ची स्लाइड. लपवायला ही जोडणी उत्तम, कारण पोटासमोर लावताना लांब नळीचं टोक अंगाला टेकतं आणि मूठ आत ढकलली जाते. ग्लॉक ४५ नेमकं उलटं, आखूड स्लाइड आणि पूर्ण मूठ. पोलिसांच्या उघड्या होल्स्टरसाठी ते ठीक आहे, शर्टाखाली निरर्थक.

होल्स्टरवर पैसे वाचवू नयेत. कायडेक्सचं, म्हणजे ताठ प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, पट्ट्यावर दाब देऊन मूठ आत वळवणारा पंख असलेलं घ्यावं. पट्टा दीड इंची आणि ताठ. पँट कमरेला दोन इंच सैल. एवढं जमलं तर १७ सुद्धा लपतं, आणि मऊ पट्ट्यावर ग्लॉक ४३एक्ससारखं सडपातळ पिस्तूलही उठून दिसतं. पिस्तूल आत ठेवताना होल्स्टरकडे बघून, सावकाश ठेवावं. विंडचीटरच्या नाडीचं प्लास्टिकचं बोंड ट्रिगरगार्डमध्ये शिरून गोळी सुटू शकते. हा धोका खराच आहे. मी त्या नाड्या कापूनच टाकतो.

डोंगरात हिशेब बदलतो. पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा नेमका होल्स्टरच्या जागी येतो. पँटच्या आतलं पिस्तूल तासाभरात हाडाला टोचतं आणि काढायची वेळ आली तर पट्ट्याखाली अडकतं. म्हणून छातीवरचं होल्स्टर. तिथे लांबीचा प्रश्नच नाही, पूर्ण आकाराचं पिस्तूल आरामात बसतं आणि हातमोज्यांतही लांब मूठ पटकन सापडते. दोन पथ्यं: पिस्तूल काढताना नळी आपल्याच डाव्या हातावरून फिरू शकते, तेव्हा रिकाम्या पिस्तुलावर हा सराव आधी करावा. आणि पाऊस आला की वर रेनकोट चढतो, त्या क्षणी उघडं पिस्तूल लपवलेलं ठरतं. परवाना नसेल तर हा गुन्हा आहे.

अस्वलासाठी ९ ऐवजी जास्त जोरदार १० मिमी गोळीचं पिस्तूल हवं का? कोलोरॅडोत १९७९ नंतर ग्रिझली अस्वल आढळलेलं नाही. इथे काळं अस्वल, पर्वतसिंह आणि मूस हे अवाढव्य हरीण. माझ्या मते हाताशी पहिला हवा तो अस्वलाचा स्प्रे, किमान ७.९ औंसाचा. वायोमिंगमध्ये यलोस्टोनच्या बाजूला जाणाऱ्यांनी स्प्रेच्या जोडीला १० मिमीच्या ग्लॉक २० चा विचार करावा. ते १५ गोळ्यांचं आहे, ग्रीनलंडमधलं डेन्मार्कचं सिरियस गस्तीपथक ध्रुवीय अस्वलांसाठी तेच वापरतं. तिथे खोल घुसणारी, न उमलणारी जड गोळी लागते. कठीण शिशाच्या गोळ्या मात्र ग्लॉकच्या मूळ नळीत चालवू नयेत, नळीच्या आतल्या बहुभुजी आट्यांवर शिसं साचतं आणि दाब वाढतो. ग्लॉक २० चं आखूड भावंड ग्लॉक २९ कागदावर छान दिसतं. हातात घेतल्यावर दुसरी गोळी वेळेत नेमकी जागी लावणं फार थोड्यांना जमतं.

रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये फेब्रुवारी २०१० पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे पिस्तूल बाळगता येतं, पण चालवायला बंदी आहे, आणि व्हिजिटर सेंटर व रेंजर स्टेशन या फेडरल इमारतींत ते नेता येत नाही. नकाशा घ्यायला आत जायचं तर ते गाडीत ठेवावं लागतं. आणि १ जानेवारी २०२५ पासून कोलोरॅडोत माणूस नसलेल्या गाडीतलं पिस्तूल कुलूपबंद, टणक पेटीत, बाहेरून दिसणार नाही असं हवं, गाडीलाही कुलूप हवं. नुसता ग्लव्हबॉक्स त्यात बसतो का यावर वाद घालण्यापेक्षा लोखंडी तारेने सीटच्या सांगाड्याला बांधलेली छोटी तिजोरी घ्यावी. घेताना आतलं माप आधी घ्या. कॉम्पॅक्टसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेट्यांत पूर्ण आकाराचं पिस्तूल तिरकं ठेवूनही झाकण लागत नाही.