तुम्ही विचारलंत म्हणून: लीव्हर पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत

मंडळाच्या गणपतीला मखराचं सामान माझ्या पिकअपमधून जातं. त्यामुळे दरवर्षी पार्किंगमध्ये कुणी ना कुणी गाठतंच, आणि प्रश्न ठरलेला असतो: "आमच्याही जुन्या ट्रकचं फोर-व्हील लागत नाही. गॅरेजवाला म्हणतो ट्रान्स्फर केस गेली. तुम्ही तुमची न उघडता कशी ठीक केलीत?" फोर-व्हील म्हणजे चारही चाकांनी ओढणं, आणि इंजिनाचं फिरणं पुढच्या चाकांकडेही वळवणारी पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. उभ्या उभ्या सांगून हे संपत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजच्या दक्षिणेला टेकड्यांमध्ये राहतो. ऑन्टारियो सरोवरावरून येणारे ढग इथे एका हिवाळ्यात शंभर इंचांहून जास्त बर्फ टाकून जातात. एकेकाळी ओनोंडागा तळ्याकाठच्या खाऱ्या झऱ्यांतून मीठ काढायचे म्हणून या शहराला सॉल्ट सिटी म्हणतात. आता मीठ हिवाळाभर रस्त्यांवर पडतं आणि गाड्यांचं पोट खातं. घरापर्यंतचा आमचा शेवटचा रस्ता खडीचा आणि चढाचा. पिकअप १९९९ सालची, पाच गिअरची, ट्रान्स्फर केसचा लीव्हर पायाशी असलेली.

त्या जानेवारीत लीव्हर नेहमीसारखा फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) पडला. खालून ओळखीचा खट्ट आवाज आला. पण मागची चाकं बर्फात जागेवर गरगरत राहिली, पुढची ढिम्म हलेनात. फोर-व्हील लागल्याचा डॅशबोर्डवरचा दिवाही लागला नाही. शेजारी दुधाचा धंदा करणारे एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांनी ट्रॅक्टर आणून वर ओढलं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दाखवली, तर गाडी उचलूनही न बघता ट्रान्स्फर केस बदलायची म्हणून १८०० डॉलर सांगितले. इतक्या पैशांत तशी दुसरी गाडी आली असती.

रात्री मामांना फोन केला. मामांनी पाटणच्या बाजूला सरकारी जीप वीस वर्षं चालवली. तिच्यात मुख्य गिअरच्या शेजारी दोन छोटे लीव्हर असत. एक पुढचा ॲक्सल जोडायचा, दुसरा लो, म्हणजे संथ पण जास्त जोराची चाल, टाकायचा. हाताने ओढलं की थेट लोखंड सरकणार. मामा म्हणाले, "पाना नंतर हातात घे. आधी खाली वाकून बघ, काय फिरतंय आणि काय थांबलंय." सगळ्या दुरुस्तीत याहून उपयोगी वाक्य मी ऐकलं नाही.

तर काय फिरायला हवं ते आधी समजून घ्या. ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या मागे असते. आतल्या साखळीने ती फिरणं पुढच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे लांब फिरत्या दांड्याला देते, शाफ्ट ते पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांत फिरणं वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीला देतो, आणि तिथून ते दोन चाकांना जातं. मामांच्या जीपमध्ये गोष्ट इथेच संपते. माझ्यासारख्या त्या काळच्या बऱ्याच अमेरिकी पिकअपमध्ये आणखी एक सांधा आहे. डिफरन्शियलपासून उजव्या चाकाकडे जाणारा शाफ्ट मध्येच दोन तुकड्यांत आहे. दोन्ही टोकांना दाते, आणि त्यांच्यावर सरकणारी एक दातेरी बांगडी. बांगडी दोन्ही टोकांवर बसली की शाफ्ट एकसंध होतो, सरकवली की तुटतो.

हे केलं कशासाठी? टू-व्हीलमध्ये पुढचा प्रोपेलर आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकं) उगाच फिरत राहू नयेत, आवाज आणि झीज कमी व्हावी, म्हणून. आधी हेच काम चाकांवरचे लॉकिंग हब करायचे. विलीज जीपसाठी ते बनवायला आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली सुरुवात केली. पण त्यासाठी चिखलात उतरून दोन्ही चाकांवरच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागत. बांगडीमुळे खाली उतरणं वाचलं.

आता बांगडी सरकलीच नाही तर काय होतं पाहा. डिफरन्शियलचा स्वभावच असा की दोन बाजूंपैकी जिकडे विरोध कमी, तिकडे तो सगळं फिरणं देऊन टाकतो. उजवीकडचा अर्धा तुकडा मोकळा, त्याला कसलाच विरोध नाही. म्हणून लीव्हर पडलेला असतो, प्रोपेलर फिरत असतो, तो तुकडा आतल्या आत जोरात फिरत असतो, आणि चाकं मात्र उभी. या खुणा दिसल्यावर ट्रान्स्फर केसवर आळ घेणं चूक आहे, कारण तिने तिचं काम केलेलं असतं.

ताडून पाहायला एक पैसा लागत नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, पुढची बाजू जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये. टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं) पुढचा प्रोपेलर हाताने फिरतो. लीव्हर फोर-हायमध्ये टाकून पुन्हा फिरवून बघा. माझा दगडासारखा घट्ट झाला. म्हणजे ट्रान्स्फर केस शाबूत. आता डावं चाक हाताने फिरवा. सगळं जोडलेलं असेल तर उजवं चाक उलट दिशेने फिरतं. माझं उजवं चाक जागचं हललं नाही. १८०० डॉलरच्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत मिळालं: दोष बांगडीपाशी होता.

बांगडी मग सरकत का नाही? तिला एक फोर्क (बेचक्यासारखा तुकडा) ढकलतो, फोर्कला एक केबल ओढते, केबलला बॅटरीच्या ट्रेखाली बसवलेला व्हॅक्यूमचा डबा ओढतो. डब्यात रबरी पडदा असतो. इंजिन हवा आत घेताना जी ओढ तयार होते ती नळीने ट्रान्स्फर केसवरच्या एका छोट्या स्विचपर्यंत येते. लीव्हर पडला की स्विचची खुंटी दाबली जाते आणि ती ओढ डब्याकडे सोडली जाते. एवढा लांबचा प्रवास, आणि त्यातला बराचसा पेन्सिलपेक्षा बारीक नळ्यांतून.

मी शेवटच्या टोकापासून मागे येत गेलो. डब्याकडची केबल सोडून पकडीने ओढली. मिठाने जरा जड झाली होती, पण सरकली. चाक थोडं हलवलं तसे दाते बसले, आणि किल्ली फिरवली तर दिवा लागला! तो दिवा फोर्क सरकल्यावरच लागतो, नुसता लीव्हर पडून लागत नाही. म्हणजे बांगडी, फोर्क, केबल, दिवा, सगळं ठीक. मग हातपंपाने डब्याला व्हॅक्यूम दिला, काटा मिनिटभर जागचा हलला नाही. पडदाही ठीक. आता इंजिन चालू करून डब्याकडे येणाऱ्या नळीला गेज लावला. चांगल्या इंजिनला संथ चालीत साधारण १७ ते २२ इंच पारा एवढा व्हॅक्यूम मिळतो. लीव्हर फोर-हायमध्ये असूनही माझा काटा शून्यावर होता.

स्विचवरची नळी उपसली तर बोटांवर लाल तेल आलं. ते पाहून मी गाडीखाली तसाच पडून राहिलो, कारण एकदम आठवलं की गेला सबंध हिवाळा बायको सांगत होती, "पायांना गरम वारा येतच नाही, सगळा काचेवर जातो." मी हीटरच्या नॉबला दोष देत राहिलो. हीटरची दारंही याच व्हॅक्यूमवर चालतात, आणि व्हॅक्यूम गेला की वारा आपोआप काचेकडे वळावा अशीच त्यांची रचना असते. तिची तक्रार आणि माझा बिघाड एकच होता. तिचं तेव्हाच ऐकलं असतं तर ट्रॅक्टर लागला नसता.

स्विचची आतली सीलं गेली होती. इंजिन ट्रान्स्फर केसमधलं तेल त्या वाटेने वर ओढत होतं. त्या तेलाने नळ्या फुगून तोंडाशी सैल झाल्या होत्या, आणि एक कोपर चिरलेला होता. म्हणून नुसती चिरलेली नळी बदलून थांबू नका. स्विच तसाच ठेवलात तर नवी नळीही तेल पिईल, आणि ते तेल हीटरच्या नॉबमागच्या रबरापर्यंत पोचून तेही खराब करेल. मी स्विच बदलला, नळ्या नव्या घातल्या, ज्या ठेवल्या त्या फुंकून कोरड्या केल्या. नंतर ट्रान्स्फर केसचा भरण्याचा बोल्ट उघडला. तेल काठाशी हवं, ते बरंच खाली गेलं होतं. बोल्टच्या भोकातून ओघळेपर्यंत तेल भरलं. हे राहून गेलं असतं तर शाबूत ट्रान्स्फर केस खरोखरच गेली असती. सगळा खर्च शंभर डॉलरच्या आत, वेळ एक शनिवार, त्यातला अर्धा गंजलेल्या बोल्टांवर गेला.

केबल जड आहे हे माहीत असल्याने आता महिन्यातून एकदा ओल्या गवतावर किंवा बर्फावर फोर-हाय टाकून थोडं चालवतो. कोरड्या डांबरावर मात्र कधीच नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि तो फरक जायला जागा नसली की ताण साखळी नि सांध्यांवर येतो.

तुमची गाडी वेगळी असेल, तिच्यात व्हॅक्यूमऐवजी विजेची मोटर असेल, तरी चाकं उचलून बघायची चाचणी आधी करा. मग अडलं तर जरूर फोन करा. मी पहिल्यांदा एवढंच विचारीन: हीटरचा वारा पायांवर येतो की काचेवर?